कुंदाताई आणि जास्तीच्या दोन ट्यूब

कुंदाताई कुणाचंही रक्त घेण्याआधी त्याला त्याचं नाव विचारत. माणूस वीस वर्षं ओळखीचा असला, सकाळी त्यांच्याच शेजारी उभं राहून दूध घेऊन गेलेला असला, तरी खुर्चीत बसला की पहिला प्रश्न तोच. "नाव?" एकदा आमच्या इमारतीचे वॉचमन यादवजी वैतागले. "अरे ताई, रोज तो मेरे नाम से आवाज देती हो." कुंदाताई एका हातात ट्यूब आणि दुसऱ्या हातात पेन धरून तशाच थांबून राहिल्या. शेवटी यादवजींनी नाव सांगितलं, ते त्यांनी ट्यूबवर लिहिलं आणि मगच दंडाला पट्टा बांधला.

"नाव त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे, मॅडम," त्या मला म्हणायच्या. "मी म्हणायचं आणि त्यांनी मान हलवायची, असं नको. घाबरलेला माणूस कशालाही मान हलवतो."

डोंबिवली पूर्वेला माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. कुंदाताई तिथे चौदा वर्षं होत्या. उंच, काटक, सावळ्या, डोक्याला खोबरेल तेल आणि त्यात जे मिळेल ते फूल. मिळालं नाही तर नाही. माहेर ठाकुर्लीजवळच्या गावातलं, आगरी. सासर मोहन्याला. नवऱ्याचा कारखाना बंद झाला तेव्हा त्या तिशी ओलांडून गेल्या होत्या, पदरात दोन मुलं होती. त्या वयात त्यांनी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, वर्गात निम्म्या वयाच्या पोरींबरोबर बसून. माझ्याकडे आल्या तेव्हा मी नुकतीच लॅब उघडली होती आणि मला लहान मुलाची शीर पटकन सापडायची नाही. त्यांना सापडायची. त्या डोळ्यांनी शोधतच नसत. दंडावर दोन बोटं ठेवून खिडकीबाहेर बघत बसायच्या, आणि मुलगा त्या काय बघतायत म्हणून बाहेर बघायला लागला की काम झालेलं असायचं.

लॅबमध्ये त्या आमच्यासारखं बोलत. फोनवर माहेरचं कोणी असलं की मात्र दुसऱ्याच बाई. "नाय गो, काय झाला तुना? मंग ये ना हिकरं!" आवाज दुप्पट व्हायचा आणि बाहेर बसलेले पेशंट हसायचे.

चार वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका मोठ्या रुग्णालयाने एक अभ्यास सुरू केला. पोटाचे, आतड्याचे, अन्ननलिकेचे, लिव्हरचे कॅन्सर बहुतेक वेळा उशिरा कळतात. ते काही त्रास नसतानाच रक्तावरून ओळखता येतात का, हे त्यांना बघायचं होतं. पंचेचाळीसच्या पुढचे, कसलीही तक्रार नसलेले लोक हवे होते. तपासणी फुकट. रक्तात संशयास्पद काही आढळलं तर पुढची दुर्बिणीची तपासणी आणि स्कॅनही फुकट. रक्त गोळा करायला त्यांना ठिकठिकाणी केंद्रं लागत होती, त्यातलं एक आम्ही झालो.

त्याचं संमतीपत्र सहा पानांचं होतं. मराठीतच होतं, पण मलाही काही वाक्यं दोनदा वाचावी लागली. रुग्णालयाची अपेक्षा अशी की केंद्रावर ते वाचायला द्यावं, शंका विचाराव्यात, सही घ्यावी. बहुतेक केंद्रांवर त्याला पाच मिनिटं लागत असतील. कुंदाताईंना अर्धा तास लागायचा. त्या समोर बसून सहाही पानं वाचून दाखवायच्या, आणि प्रत्येक पानानंतर त्याचं स्वतःचं भाषांतर.

"आत कुठे गाठ असली ना, तर तिचे अगदी बारीक कण रक्तात येतात. साध्या तपासणीत दिसत नाहीत इतके बारीक. हे लोक ते शोधणार. सापडले म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. सापडले तर दुर्बीण घालून आत बघायचं, एवढंच. आणि नाही सापडले म्हणजे कॅन्सर नाही असंपण नाही. उद्या पोट दुखलं तर ‘माझं रक्त चांगलं आलेलं’ म्हणून घरी बसायचं नाही. आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?"

एक आजोबा म्हणाले, "तुम्ही सांगितलं की इथे सही करायची."

कुंदाताईंनी पहिलं पान पुन्हा उघडलं.

आमची जागा ज्यांची, ते म्हात्रे शेठ त्याच महिन्यात आले. आसपासच्या तीन इमारती त्यांच्या वडिलोपार्जित शेतावर उभ्या आहेत. बरोबर बायको, भाऊ, भावजय, सगळ्यांना तपासून घ्यायचं होतं. कुंदाताईंनी एकेकाला आत घेतलं. शेठ आत गेले आणि पाच मिनिटांत त्यांचा आवाज बाहेर ऐकू यायला लागला. मी गेले.

"मॅडम, ही माझं रक्त घेत नाय. माझ्याच जागेत बसून!"

"घेणार नाही," कुंदाताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं ना आत्ता, सकाळी रक्त पडतं म्हणून? कपडे सैल झालेत म्हणून? ही तपासणी ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी आहे. तुमच्यासाठी नाही."

"अगं, पन रक्तात कलेल ना काय ते?"

"नाही कळलं तर? चांगलं आलं तर तुम्ही वर्षभर फिरत बसाल. तुम्ही आजच दुर्बिणीवाल्या डॉक्टरकडे जायचं. मी फोन लावते."

शेठ रागाने लाल झाले होते. आपला त्रास माझ्यासमोर बोलला गेला, याचा राग जास्त असावा. पण गेले. आतड्याला सूज होती, गोळ्यांनी बरी झाली. पुढे जिन्यात भेटले की कुंदाताईंना बघून मिशीत हसायचे आणि मला म्हणायचे, "तुमची ती हेडमास्तरीण."

सगळंच असं सुरळीत झालं नाही. इनासबाई म्हणून ठाण्याच्या एका निवृत्त शिक्षिका होत्या, ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच. मुलीकडे डोंबिवलीला राहायला आल्या होत्या. त्यांचा निकाल ‘संशयास्पद’ आला. घशातून दुर्बीण झाली, खालून झाली, स्कॅन झाला. कुठे काही नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी असं होतं, सहा महिन्यांनी परत बघू. डॉक्टरांच्या दृष्टीने ती चांगली बातमी होती. इनासबाईंना मात्र झोप लागेना. जेवताना घास अडकल्यासारखा वाटायचा. त्यांनी चर्चमधल्या मैत्रिणींना भेटणं बंद केलं. कुंदाताई दर शनिवारी काम संपवून त्यांच्याकडे जायच्या. काय बोलायच्या मला माहीत नाही, बहुतेक वेळ इनासबाईच बोलत असणार. एका शनिवारी त्या परत आल्या आणि रजिस्टर न उघडता बसून राहिल्या.

"त्या म्हणाल्या, कुंदा, मी धडधाकट आलेले तुमच्याकडे. तुम्ही मला आजार न देता आजारी केलंत."

"त्यांना संमतीपत्रात लिहिलेलं होतं, कुंदाताई. चुकीचा निकाल येऊ शकतो म्हणून."

"लिहिलेलं होतं. मी वाचलेलं पण. पण मी ते भरभर वाचलेलं, मॅडम. ते मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या सांगण्यात नवा तुकडा आला. "कधीकधी रक्त उगाच ओरडतं. आत काहीच नसतं. पण ते कळेपर्यंत तुमचे दोन-तीन महिने जातात, आणि नंतरही भीती जात नाही. चालेल का तुम्हाला? नाही म्हणालात तर मला राग नाही." बरेच जण विचार करून सांगतो म्हणून उठायला लागले. आमच्या केंद्राची संख्या घसरली. रुग्णालयाचे अभ्यासाचे डॉक्टर फोनवर जरा तिखट बोलले. मी ते कुंदाताईंच्या कानावर घातलं.

"गेले तर गेले," त्या म्हणाल्या. "समजून गेले ना."

इनासबाईंची सहा महिन्यांनंतरची तपासणीही स्वच्छ आली. हळूहळू त्या जेवायला लागल्या. अजून आहेत, चांगल्या आहेत.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या बाईने केलं.

कुंदाताईंचा मोठा भाऊ नामदेव. त्या त्याला दादूस म्हणत. दोघांत सात वर्षांचं अंतर. बाकीची जमीन इमारतींखाली गेली, पण घरामागचा एक तुकडा दादूसने कुणाला दिला नव्हता. चारी बाजूंनी बारा-बारा मजले आणि मध्ये भेंडी, वाल, माठ. रोज सकाळी तो तिथेच असायचा. त्याला डायबेटिस होता, पण दवाखान्याची पायरी चढायचा नाही. त्याला कारण होतं. त्यांचे वडील पोटाच्या कॅन्सरने गेले होते. खूप दिवस दुखणं अंगावर काढलं, आणि ऑपरेशनला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडून, बघून, परत शिवून टाकलं. बाहेर येऊन त्यांनी हे सांगितलं ते दादूसला. तेव्हा तो पस्तिशीचा होता. त्यानंतर स्वतःसाठी म्हणून तो कुठल्याही डॉक्टरकडे गेला नाही. दर तीन महिन्यांनी रविवारी सकाळी कुंदाताई माहेरी जायच्या आणि ओटीवर बसवून त्याचं साखरेसाठी रक्त घ्यायच्या. तेवढं तो देत असे. बहीण घेते म्हणून.

अभ्यासाला दोन वर्षं होत आली असतील. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी खोलीत रिपोर्ट बघत होते. कुंदाताई आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. असं त्या कधी करत नसत. हातात रुग्णालयाकडून आलेला कागद होता. त्यावर नाव होतं नामदेव पाटील. निकाल संशयास्पद, मोठ्या आतड्याची तपासणी करावी.

"दादूस का?" मी म्हटलं. "तो कधी आला होता इथे?"

"नाही आला."

मला कळेना.

"मागच्या महिन्यात साखरेचं घेतलं ना, तेव्हा दोन ट्यूब जास्त भरल्या. त्याने विचारलं, एवढ्या कशाला? मी म्हटलं, नवीन मशीन आलंय, त्याला जास्त लागतं."

"आणि सही?"

"मी केली."

त्या उभ्याच होत्या. मी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "नाव पण मीच लिहिलं, मॅडम. त्याला विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा."

मी काय विचार केला ते खरं सांगते. पहिला विचार दादूसचा नव्हता. एक खोटी सही म्हणजे केंद्र जाईल, लॅबचं नाव जाईल, हा पहिला विचार होता. दुसरा विचार याहून वाईट. मी म्हटलं, "आपण आधी त्याला समजावू. तो तयार झाला तर आत्ता सही घेता येईल, मागच्या तारखेची."

कुंदाताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच वाक्य ऐकू आलं.

"नको," त्या म्हणाल्या. "एक झालं तेवढं पुरे. आधी त्याला सांगते. मग हॉस्पिटलला. दोन्ही मीच सांगते. तुम्ही फक्त दादूसकडे माझ्याबरोबर चला. त्याने काही विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही."

आम्ही त्यांच्या स्कूटरवरून गेलो. संध्याकाळचे पाच वाजले असतील. दादूस मागच्या तुकड्यात वालाच्या वेलांना सुतळी बांधत होता. मला बघून तो ओशाळला, हात पुसले, घरात चला म्हणाला. वहिनी चहा टाकायला वळल्या. कुंदाताई म्हणाल्या, "चा नको वयनी. दादूस, हितंच थांब. मना बोलायचा हाय."

आणि त्यांनी सांगितलं. क्रमाने, काही न लपवता, संमतीपत्र वाचावं तसं. कुठल्या रविवारी, किती ट्यूब, मशीनचं खोटं, सही, निकाल. निकालाचा अर्थ मी सांगितला. कॅन्सर असेलच असं नाही, नसेलही, पण बघावं लागेल. दादूस सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"मना वाचता येता," तो शेवटी म्हणाला.

"ठाव हाय मना."

"सही पन करता येता."

दादूस वळला तो माझ्याकडे. "कवा जायाचा?"

मला वाटलं होतं तो नकार देईल, आरडाओरड करेल. मी म्हटलं, परवाची वेळ मिळेल. "जातो," तो म्हणाला. "मी आनि ही माझी बायको. या बाईचा काय काम नाय."

‘या बाई’ म्हणाला तो. वहिनींच्या हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं. परत येताना कुंदाताईंनी स्कूटर नेहमीसारखीच चालवली, सिग्नलला थांबल्या, हात दाखवून वळल्या. लॅबच्या दारात मला उतरवून म्हणाल्या, "झाला ना तयार. तेवढंच पाहिजे होतं."

मोठ्या आतड्यात गाठ निघाली. लहान होती, जागेवरच होती. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, पुढे औषधांची गरज पडली नाही. सर्जन वहिनींना म्हणाले की अजून वर्ष-दीड वर्ष हे कळलं नसतं तर बोलणं वेगळं असतं. तो रुग्णालयात होता ते दहा दिवस कुंदाताई तिकडे गेल्या नाहीत. भाचीला फोन करून विचारायच्या. ताप आहे का, टाके कसे आहेत, गॅस सरला का. मग फोन ठेवून पुढच्या पेशंटला नाव विचारायच्या.

रुग्णालयाला त्यांनी आधीच सांगितलं होतं, निदान व्हायच्याही आधी. चौकशी झाली. अभ्यासाचे डॉक्टर भले होते. त्यांनी दादूसचं नाव अभ्यासातून काढलं, आमच्या केंद्रावरची सगळी संमतीपत्रं पुन्हा तपासली, लोकांना फोन करून विचारलं. एकही दुसरी तक्रार निघाली नाही. उलट दोन-तीन जणांनी सांगितलं म्हणे, की त्या बाईने आमचं डोकं खाल्लं पण सगळं समजावून सांगितलं. केंद्र राहिलं. कुंदाताईंना अभ्यासातून काढलं, ते व्हायलाच हवं होतं. लॅबच्या बाकीच्या कामावर त्या राहू शकल्या असत्या.

महिनाअखेर त्यांनी राजीनामा आणून ठेवला. अर्धं पान, त्यांच्या गोल अक्षरात. ‘मी एका पेशंटला न विचारता त्याचे रक्त तपासणीस पाठवले. म्हणून मी हे काम सोडत आहे.’ पेशंट म्हणून लिहिलं होतं, भाऊ म्हणून नाही.

"कुंदाताई, त्याचा जीव वाचला," मी म्हटलं.

"हो. आणि काही निघालं नसतं तर? इनासबाईंसारखं? तेव्हा मी काय म्हटलं असतं?"

"मग तुम्हाला परत करायची वेळ आली तर तुम्ही करणार नाही?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "करीन. म्हणून जाते."

मी राजीनामा घेतला. नको म्हणायला हवं होतं की घ्यायलाच हवा होता, हे माझं अजून ठरलेलं नाही. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. शीर पटकन शोधते.

कुंदाताई ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका दवाखान्यात लागल्या. तिथे नुसतं रक्त घेऊन बाटल्या पुढे पाठवायचं काम. भाऊ-बहिणीचं बोलणं बंद होतं. भाऊबीजेला त्या गेल्या, दादूस मळ्यात जाऊन बसला, त्या ओवाळणीचं ताट वहिनींकडे देऊन परत आल्या. गावातल्या हळदीला दोघं एकाच मांडवात दोन टोकांना. हे मला वहिनी सांगायच्या. दादूसच्या औषधांचं विचारायला त्या अधूनमधून लॅबमध्ये यायच्या.

ऑपरेशनला वर्ष झालं की दुर्बीण पुन्हा घालून बघतात. त्याच्या आदल्या दिवशी आतडं साफ होण्यासाठी औषधाचं पाणी प्यावं लागतं. खारट, गुळमट, दोन लिटर. पहिल्या वेळी धास्तीत दादूस ते निमूट प्यायला होता. या वेळी एक ग्लास प्यायला आणि म्हणाला, बास. उद्याची तारीख रद्द करा. मना काय झालेला नाय, मी जात नाय. बायकोने सांगितलं, मुलीने सांगितलं, जावयाने कामावरून व्हिडिओ कॉल केला. ग्लास तसाच. दुपारी तीन वाजता वहिनींनी कुंदाताईंना फोन केला.

त्या दवाखान्यातून तशाच निघून आल्या. दादूस ओटीवर होता. वर्षभरात त्याने त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य असं: "ह्या पान्यात काय टाकलाय, तू पिऊन दाव."

कुंदाताईंनी ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. दुसरा भरला, तोही संपवला. मग तिसरा भरून त्याच्यापुढे ठेवला. "आता तू."

"विचारला का नाय मना?" दादूस म्हणाला. पाण्याबद्दल बोलत नव्हता.

"तू नाय बोलला असतास."

"बोललो असतो नाय. मंग परत विचारायचा. मंग परत. बापाला मी किती येला विचारला, दवाखान्यात चल, दवाखान्यात चल. शेवटी आला ना?"

"आला," कुंदाताई म्हणाल्या. "कवा आला?"

वहिनी म्हणाल्या, दोघंही त्या ग्लासाकडे बघत बसले. मग कुंदाताई म्हणाल्या, "तरी पन विचारायला पायजे होता. चुकला माजा. बापाचा मनात धरून तुला विचारला नाय, तू काय बाप नव्हतास." दादूसने ग्लास उचलला. कुंदाताईंनी दोन ग्लास कमी केल्यामुळे औषध पुरेना, म्हणून वहिनींनी रुग्णालयात फोन केला. तिथली नर्स काय काय बोलली ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण कामावरून आलेला जावई केमिस्टकडे दुसरं पाकीट आणायला धावला. संध्याकाळभर घरातला एकच संडास आणि दोन उमेदवार, असा प्रकार चालला.

दुसऱ्या दिवशी अभ्यासाच्या बैठकीसाठी मला त्याच रुग्णालयात जायचं होतं. बैठक आटोपून खाली आले तर दुर्बीण विभागाबाहेरच्या बाकावर कुंदाताई. चेहरा उतरलेला, केस कसेबसे बांधलेले, मांडीवर भावाचं घड्याळ, चेन आणि मोबाईल. वहिनींचे गुडघे दुखत होते म्हणून त्या आल्या नव्हत्या.

"मॅडम, माझं पण पोट आरशासारखं साफ आहे," त्या म्हणाल्या. "माझीपण घालून बघा म्हणावं दुर्बीण."

मी त्यांच्याशेजारी बसले. लॅबचं विचारलं त्यांनी. नवीन मुलगी, यादवजी, शेठ. इनासबाई अजून शनिवारी वाट बघतात का, मी विचारलं. "बघतात," त्या म्हणाल्या, "मी जाते ना अजून." तेवढ्यात आतून डॉक्टर आले आणि म्हणाले, सगळं स्वच्छ आहे. आता दोन वर्षांनी या. कुंदाताईंनी मान हलवली. "परत सांगा," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी परत सांगितलं.

तासाभराने दादूस गुंगीतून पुरता बाहेर आला. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, ती कुंदाताईंनी सोडून परत लावली. त्याने लावू दिली. मला नमस्कार केला, कशा आहात विचारलं, आणि मग त्यांच्याकडे वळून म्हणाला, "भूक लागली. तू खाल्लास काय?"

"काल दुपारपासून काय नाय."

"चल मंग."

"डॉक्टरांनी हलका खायाला सांगितलाय. भात नि वरन."

दोघं दाराकडे चालायला लागले. पायऱ्यांशी त्याने त्यांच्या दंडाला धरलं. आधारासाठी, की त्यांना आधार द्यायला, मागून कळत नव्हतं. बाहेर रिक्षांचा कलकलाट होता, तरी दादूसचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.

"कुंदे, बोंबलापरीस हलका काय अस्ता गो?"